पहिला घास

१

"हे पांढरे ठिपके दिसतात ना, हे शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि ताजं आहे."

संगणकाच्या पडद्यावर कोंडीरामांचं पोट दिसत होतं. आतड्यांच्या धुरकट वळणांत रवा सांडावा तसे बारीक कण विखुरले होते. संतोष बघत राहिला. जन्मदात्याचं पोट असं आतून बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"ताजं म्हंजे?" हेमानं विचारलं. हेमा संतोषची थोरली बहीण, हडपसरला दिलेली. बाप आजारी पडल्यापासून तिनं सिंहगड रोडच्या या हॉस्पिटलात तळ ठोकला होता.

"म्हणजे काल-परवा गिळलेलं. वडील आठवडाभर माझ्या वॉर्डात आहेत. पोटात कळा, रक्त कमी, हिरड्यांवर निळी रेघ, मनगट उचलत नाही. सगळी शिशाची लक्षणं. इथं आल्यावर रक्तातलं शिसं उतरायला हवं होतं, ते चढलंय. त्यांच्यासाठी बाहेरून काय काय येतं?"

कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दाराशी पिशवी घेऊन उभं होतं. पूर्णिमा, संतोषची बायको, रोज धायरीहून सासऱ्यांचा डबा आणायची.

डॉक्टरांनी हात राखून काम केलं नव्हतं. कोंडीराम गुडघ्यांसाठी नारायण पेठेतल्या वैद्यबाईंचं चूर्ण घ्यायचे. ते तपासून झालं होतं, त्यात काही सापडलं नाही. घरचं पाणी, मीठ-मसाला, भांडी, काही राहिलं नव्हतं. संतोष हिंजवडीच्या एका कंपनीत मोठाल्या बॅटऱ्यांची देखभाल करायचा, म्हणजे शिसं रोज त्याच्या हाताखालचं. म्हणून नवरा-बायकोचंही रक्त घेतलं होतं. दोघं ठणठणीत. शिसं होतं ते फक्त म्हाताऱ्याच्या अंगात.

हेमाला एवढं पुरेसं होतं. वॉर्डात कोंडीराम डोळे मिटून पडले होते. पूर्णिमानं डबा उघडला. ज्वारीची मऊ भाकरी, दुधीची भाजी, कढी. ती भाकरी कुस्करायला लागली तसा हेमानं तिचा हात धरला.

"थांब. आधी तू खा."

"वन्सं?"

"कानानं ऐकायला येतंय ना? पहिला घास तू खायचा. मग आबांना द्यायचा."

शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. दुसऱ्याच्या घरातलं भांडण म्हणजे वॉर्डात फुकटची करमणूक. पूर्णिमानं संतोषकडे पाहिलं. आता तुम्ही बोला, एवढंच त्या बघण्यात होतं. 'अक्का, हे काय बोलतेस?' इतकं जरी त्यानं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं फरशीकडे बघितलं.

पूर्णिमानं घास तोंडात घातला, चावला, गिळला. सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते. कोंडीरामांच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या, पण म्हातारा ग्लानीत होता. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

संतोष बोलला नाही त्याला एक कारण होतं, आणि ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी तो वॉर्डात शिरला तेव्हा पूर्णिमा आबांच्या उशीखालून हात बाहेर काढत होती. हात रिकामा होता. त्याला बघून ती दचकली होती. त्यानं तिला काही विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली. जिच्या हातचं लग्नापासून खाल्लं तिच्याबद्दल अशी भीती वाटावी याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही भीती काही गेली नाही.

२

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो घरी न जाता नारायण पेठेत गेला. वैद्य नीरजा गद्रे यांचा दवाखाना वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर, लाकडी जिन्यानं चढून. बाई साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, आणि बोलणं असं की पेशंट निम्मा तिथंच बरा व्हावा किंवा परत तरी येऊ नये.

"बसा. भांडायला आला असाल तर आधी पाणी प्या. घसा कोरडा पडतो."

संतोषनं बॅग बाकावर ठेवली. "बाई, तुमचं चूर्ण सुरू केल्यावरच आबा..."

"चूर्ण निर्दोष निघालं. डॉक्टरांचा फोन आला होता. तुमची निराशा झाली असेल."

"माझी कशाला होईल?"

"माझं औषध विषारी निघालं असतं तर तुमची बायको सुटली असती. खोटं बोलत असेन तर सांगा."

 धरण फुटावं तसं संतोषनं सगळं सांगितलं. एक्स-रे, हेमा, घास, उशीखालचा हात. घर अजून आबांच्या नावावर आहे म्हणून गल्लीत काय कुजबूज चालते तेही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"घरात जेवण एकाच भांड्यातलं?"

"हो. आबा घरी होते तवा तिघंबी संगंच जेवायचो."

"तरी तुमचं दोघांचं रक्त स्वच्छ. मग जेवणात काही नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. तुम्हाला कळलं?"

"कळलं."

"मग तुमचा डबा अजून भरलेला का?"

संतोषनं बॅग ओढून मांडीवर घेतली. उशीर झाला होता.

"रिकामा डबा वाजतो," बाई म्हणाल्या. "तुमची बॅग बाकावर धप्प पडली. संध्याकाळ झालीय. दुपारचं जेवण कुठे केलंत?"

"कँटीनमधी." तो आपल्या बुटांशी बोलत होता. एक्स-रे निघायच्या आधीपासूनच, शिशाचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हापासून तो कँटीनमध्ये जेवत होता. घरचा डबा कंपनीच्या फाटकापाशी कुत्र्यांना घालत होता. आज कुत्री आली नव्हती. आणि याहूनही वाईट गोष्ट त्यानं सांगितली नाही: कुत्र्यांना काही होतंय का, हे तो रोज बघत होता.

नीरजाबाईंनी टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

"उद्या धायरीला येते मी. माझं औषध सुटलं, नाव सुटलं नाही. खाली दुकानात पेशंट काय बोलतात ते वर ऐकू येतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आपल्याकडे रीतच आहे, आणि इथं तर दोन संन्यासी झालेत." त्या थांबल्या. स्वतःच्या डाव्या तळहाताकडे बघत राहिल्या. "तुमचे वडील दोनदा आले माझ्याकडे. दोन्ही वेळी मी नाडी बघितली. दुसऱ्या वेळी काहीतरी बदललेलं होतं, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. मी बघितलं आणि सोडून दिलं."

"काय बदललं हुतं?"

"खात्री झाली की सांगते. नाही झाली तर मलाही गप्प बसता येतं."

३

सकाळी रिक्षा हायवेच्या पुलाखाली वाहनांच्या गर्दीत अडकली. बाजूला मळका तंबू होता. बाटल्यांत मुळ्या, परातीत रंगीत पुडी, वर पाटी: गुप्त व जुनाट विकारांवर खानदानी जडीबुटी. एक भरघोस मिशीवाला बाहेर खुर्ची टाकून बसला होता.

"शास्त्राचं नाव यांच्या पाटीवर, आणि बोंब माझ्या दारात," नीरजाबाई म्हणाल्या. रिक्षा सुटली.

धायरीत इमारतींच्या मधे एक जुना पार अजून तग धरून आहे. तिथं उत्तरेश्वर आण्णा बसलेले होते, कोंडीरामांचे बाळपणापासूनचे सोबती. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, जणू रोजच बसत होत्या.

"सुनेबद्दल तुम्हाला काय वाटतं आण्णा?"

"आता काय सांगावं?" असं म्हणून आण्णांनी सगळं सांगितलं. "म्हातारा पहाटंच्या पारी नळावर चादरी धूत बसायचा. मी सोता बघितला. गुडगं दुखत्यात म्हनतो आन पिळतोय चादर! घरात सून असताना? मी इचारलं तर म्हनला, येयाम हाय, हातपाय मोकळं हुत्यात. येयाम! सुनंच्या भ्यानं बोलंना बिचारा."

संतोषला धक्का बसला. त्याच घरात राहून त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. पहिली बस गाठायची म्हणून तो उठायचा आणि पळायचा.

"आणखी काय बदललं होतं त्यांच्यात?"

 आण्णांना खरोखर लागलेली गोष्ट वेगळीच होती. "तंबाकू," ते म्हणाले. "जलमभर एका डबीतली खाल्ली आमी. डबी त्याची, मळणार बी त्योच. पर मागल्या काही दिसांत मागितली, तर न्हाई म्हनला. डाक्टरनं सोडाय लावली म्हनं. आवो, डबी खिशात दिसत हुती! वैऱ्याला बी तंबाकूला कुनी न्हाई म्हनत न्हाई. त्या दिशी म्या घरी जाऊन मालकिणीला म्हनलं, कोंडीबाचं काय खरं न्हाई."

"डबी कसली?"

"दोन तोंडाची. एका अंगाला तंबाकू, दुसऱ्या अंगाला चुना."

नीरजाबाई उठल्या. चालताना त्यांनी पुन्हा आपला डावा तळहात उघडून पाहिला.

"बाई, अक्का म्हणते तेच खरं निघतंय ना?" संतोषनं विचारलं. "आबांना चादरी धुवायला लावायची ती. माझ्या पाठीमागं."

बाई थबकल्या. "तुमच्या बायकोनं धुवायला लावल्या, असं आण्णांनी पाहिलं का? त्यांनी फक्त म्हातारा चादर धुताना पाहिला. उरलेलं सगळ्या गावानं मिळून शिवलंय. चला, तिलाच विचारू. आजवर कोणी विचारलं का तिला?"

कोणीच विचारलं नव्हतं. संतोषनंही.

४

पूर्णिमा गच्चीवर होती. दोरीवर आबांची गोधडी वाळत होती, जुन्या लुगड्यांची, जाड टाक्यांची. संतोषबरोबर वैद्यबाई आलेल्या बघून तिनं पदर सावरला आणि हात बांधून उभी राहिली. गेल्या आठवड्यात ती असं उभं राहायला शिकली होती.

"बाई, काय इचारायचं ते इचारा. मी चहा करणार न्हाई. माझ्या हातचा कुनी घेत न्हाई सध्या."

"मी घेईन. पण आधी सांगा, हॉस्पिटलात डब्याशिवाय काय नेलंत?"

"काय न्हाई."

"पूर्णिमा," संतोष म्हणाला, "मी बघितलं तुला. उशीखाली."

ती त्याच्याकडे वळली. राग यायला हवा होता, तो आला नाही. "तवाच इचारायचं हुतं," ती म्हणाली. "मी सांगितलं नसतं, पर तुम्ही इचारायचं तरी हुतं."

"आत्ता विचारतोय."

"शब्द दिलाय मी. माज्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातलीय."

"कुणी?"

 तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नीरजाबाई मधेच गोधडीपाशी गेल्या होत्या. त्यांनी ती हातात धरून चुरगाळली. आतून कुरकुर आवाज आला, लुगड्याच्या कापडातून यायला नको तसला. बाईंनी पूर्णिमाकडे बघितलं आणि पूर्णिमानं पहिल्यांदाच नजर चुकवली.

"ही तुम्ही शिवलीत?"

"हो."

"आणि चादरी ते धुतात, तेव्हा तुम्ही झोपेत असता?"

"जागी असते." ती म्हणाली. "झोपल्यासारकी पडून ऱ्हाते."

"लोक म्हणतात, सून धुवायला लावते."

"म्हनू दे."

नीरजाबाईंनी गोधडी पुन्हा दोरीवर सारखी केली, जरा जास्तच जपून. मग त्या संतोषला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला आणि त्या आण्णांना दुपारी हॉस्पिटलात बोलवा. पूर्णिमाताई, तुम्हीही चला. विष कुठे आहे ते मला समजलंय. कोणी ठेवलं तेही. फक्त ते मी सांगून उपयोग नाही."

"का?" संतोषनं विचारलं.

"कारण माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

५

खाटेभोवती पडदा ओढला होता. पडद्याआड कान टवकारलेले असणारच, त्याला इलाज नव्हता. कोंडीराम उशीला टेकून बसले होते. नीरजाबाईंनी त्यांचा डावा हात हातात घेतला. पण बोटं नाडीवर न ठेवता त्यांनी तळहात उघडला.

"आण्णा, यांना तंबाखू मागा."

उत्तरेश्वर गोंधळले. "आत्ता? हितं?"

"मागा तर."

"कोंडीबा, चिमूटभर दे रं."

"न्हाई," कोंडीराम म्हणाले. "सोडली म्या."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा हे माझ्याकडे आले तेव्हा या तळहाताच्या मधोमध चुन्यानं तडकलेला, पिवळा डाग होता. तंबाखू मळणाऱ्याचा हात. दुसऱ्या वेळी डाग नव्हता. तळहात लेकरासारखा स्वच्छ. मी बघितलं आणि मनात म्हटलं, चला, एक व्यसन सुटलं. पण मग आण्णा म्हणतात डबी खिशातच असते. जो तंबाखू खात नाही तो डबी का बाळगतो? आणि जन्माच्या सोबत्याला त्यातली द्यायला का घाबरतो?"



"आता हॉस्पिटल. इथं तंबाखूची सक्त मनाई. म्हातारा माणूस सुनेला गळ घालतो, शपथ घालतो, डबी आणून दे. ती बिचारी तंबाखूच समजून आणते, उशीखाली ठेवते आणि शिव्या खाऊनही बोलत नाही. बरोबर?"

पूर्णिमानं खाली बघितलं. हेच तिचं उत्तर होतं.

"तिनं डबी उघडून पाहिली असेल तर तंबाखूचंच तोंड उघडलं असेल. डबी उशाशी आली, तरी ना वास, ना पिंक, ना हाताला डाग. म्हणजे डबीतली जी वस्तू हवी होती ती तंबाखू नव्हती." बाईंनी उशीखाली हात घातला आणि डबी काढली. एक तोंड उघडलं. तंबाखू होती, वाळून भुगा झालेली. दुसरं तोंड उघडलं.

चुन्याचा ओला गोळा तिथं नव्हता. राखाडी, जड, मऊ पूड होती.

"प्रयोगशाळा सांगेलच. माझा तर्क, हे नागभस्म म्हणून विकलेलं काहीतरी आहे. नाग म्हणजे शिसं. पुलाखालच्या तंबूत असलंच मिळतं. त्यात मुळी नावालाही नसते, तरी जडीबुटी म्हणून खपवतात."

हेमानं डबीकडे बघितलं, मग पूर्णिमाकडे. "पर मग हिनंच भरलं नसंल कशावरून? डबी तर हिच्याच हातून आली. आबा कशाला असलं खातील? त्यांना काय झालंय?"

संतोषला आत्ता कळलं, बाई काय म्हणत होत्या ते. सगळा हिशोब जुळला होता आणि तरी पूर्णिमा सुटली नव्हती. डबी कोणी भरली आणि कशासाठी, हे एकाच माणसाला माहीत होतं.

"कशासाठी घेतात ते मला समजलंय," नीरजाबाई म्हणाल्या. "पण मी ते सांगणार नाही. तो यांचा प्रश्न आहे. आबा, आपण बोलता का? नाही बोललात तर मी डबी डॉक्टरांना देऊन निघून जाईन. आपण बरे व्हाल. सून मात्र अशीच राहील."

कोंडीरामांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. पोराकडे, लेकीकडे, सोबत्याकडे. सुनेकडे बघणं त्यांना जमलं नाही. पडद्याआडचा वॉर्डही चिडीचूप झाला होता.

"मी अंथरून वलं करतो," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की हेमा पुढं झुकली. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, पडद्यापलीकडे जाईल असं. "रातच्याला कळत न्हाई मला. लहान पोरावानी अंथरून वलं करतो. सुनंला दिसू नये म्हनून पहाटं धूत हुतो. ह्या बाईंकडं संतोषनं नेलं. बाईमानसाला काय सांगू? गुडगं दुखत्यात म्हनलो. त्यो तंबूवाला बाप्या मानूस. त्यानं काय इचारलंच न्हाई, आपलं आपन वळखलं. म्हनला, तंबाकू सोडायची, आन पोटात दुखलं तर समजायचं औषिद लागू पडतंय. जास्त दुकलं तसं मी जास्त घेतलं. हितं तर नर्सबाया... त्यांच्यासमोर गादी वली झाली तर? म्हनून डबी मागवली."

"डॉक्टर शिसं म्हणाले तेव्हा कळलं नाही तुम्हाला?" बाईंनी हळू विचारलं.

"तवा न्हाई. त्यो म्हनला हुता, नुसत्या मुळ्या हायत." म्हाताऱ्याची हनुवटी हलायला लागली. "हेमीनं हिला घास खायला लावला, तवा कळलं. मी जागा हुतो. त्या दिसापास्नं घेतलं न्हाई म्या. पर बोललो बी न्हाई. डोळं मिटून घेतलं. माझी वली चादर झाकायला लेकराची अब्रू घातली म्या."

उत्तरेश्वर आण्णांनी टोपी काढून हातात धरली. पारावर कितीदा, कितीजणांना त्यांनी ती चादरीची गोष्ट सांगितली होती, ते त्यांना आठवत असावं. हेमा भिंतीला टेकली. 

"तुम्ही गुडघे म्हणालात, मी गुडघे बघितले," नीरजाबाई म्हणाल्या. "तुमचा तळहात वाचला आणि तुम्हाला वाचलं नाही. एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता. ती लाज माझी, तुमची नाही. हा आजार आहे, औषधानं आटोक्यात येतो. डॉक्टरांना सांगा, त्यांना यात काही नवल नाही."

पूर्णिमा पुढं झाली. तिनं सासऱ्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मला ठावं हुतं आबा," ती म्हणाली. "गोधडीत प्लास्टिक मीच शिवलं, गादी खराब हुऊ नये म्हनून."

कोंडीरामांनी आता तिच्याकडे बघितलं. "मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलला न्हाई म्हनून."

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. संतोषला वाटलं आपल्यालाही एखादी भिंत हवी होती.

६

डबी प्रयोगशाळेत गेली आणि बाईंचा तर्क खरा निघाला. पुलाखाली पोलिसांची माणसं पोचली तोवर तंबू उठलेला होता. जमिनीत फक्त खुंट्यांची भोकं राहिली होती. तो आता दुसऱ्या कुठल्या तरी पुलाखाली खुर्ची टाकून बसला असेल, आणि कोणी तरी लाजरा माणूस त्याच्यासमोर उभा असेल.

हेमा हडपसरला परत गेली. जाताना ती पूर्णिमाच्या पाया पडायला वाकली, तशी पूर्णिमा दोन पावलं मागं सरली. "वन्सं, मोठ्या हाय तुम्ही," एवढंच म्हणाली. त्यात माफी होती की नव्हती, हे हेमाला रिक्षात बसेपर्यंत समजलं नाही.

त्या संध्याकाळी संतोष घरी जेवायला बसला. बऱ्याच दिवसांनी. कंपनीपासून घरापर्यंत तो मनाशी वाक्यं जुळवत आला होता. मी असं म्हणेन, ती तसं म्हणेल. स्वयंपाकघरात भाकरीचा वास होता. पूर्णिमानं ताट वाढलं. वांग्याचं भरीत, भाकरी, कांदा. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला आठवेना.

"पूर्णिमा, मी..."

"तुमच्या डब्यातला चमचा रोज कोरडा यायचा," ती म्हणाली. आवाज साधा होता, मीठ आहे का विचारावं तसा. "डबा रिकामा, आन चमचा कोरडा. पहिल्या दिशी वाटलं, हातानं खाल्लं असंल. मग कळलं."

त्याची मान खाली गेली. आज समोर फरशी नव्हती, ताट होतं.

"तरी रोज भरून दिलास?"

"नवऱ्याला उपाशी कसं धाडायचं?"

ती त्याच्यासमोर पाटावर बसली. एकाच ताटात जेवायची सवय त्या घरात कधी नव्हती. तिनं त्याच्या ताटातली भाकरी मोडली, भरीत लावलं आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. त्याच्याकडे बघत सावकाश चावला. गिळून झाल्यावर थोडं थांबली, हॉस्पिटलात थांबली होती तेवढं. मग ताट त्याच्याकडे सरकवलं.

"घ्या. आता खा."

 म्हणण्यासारखं होतं ते म्हणायची वेळ त्या वॉर्डात, फरशीकडे बघताना निघून गेली होती. त्यानं तिनं मोडलेल्या ठिकाणाहून भाकरी तोडली. घास तोंडातच फिरत राहिला, खाली उतरेना. पूर्णिमा समोरून हलली नाही, आणि तो ताट पुसून होईपर्यंत जेवत राहिला.